तुझा वाटा किती

ताई,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. वय 22. अग्निवीर म्हणून तोफखान्यात आहे. तोफेचा रोख लावायचं काम माझ्याकडे असतं, आमच्यात लेयर म्हणतात. खाणी बंद झाल्यावर बाबांचा ट्रक अंगणात गंजत उभा राहिला, म्हणून भरती झालो. देशाबद्दल काही वाटत नव्हतं असं नाही, पण आधी पगार होता.

2025 च्या मे महिन्यात आम्ही सीमेवर होतो. त्या रात्री आम्ही फायर केलं. आम्हाला आकडे येतात, आम्ही ते लावतो, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. सगळं थांबल्यावर बराकीत एकाच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. पलीकडच्या गावातलं पडलेलं घर, अंगणात चादर, चादरीतून बाहेर आलेले दोन लहान पाय. कुणीतरी म्हणालं, ‘ये तो अपनावाला है.’ सगळे हसले. मीही हसलो. तो गोळा आमचाच होता का, कुणालाच ठाऊक नाही.

चवथीला घरी आलो. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान रानातून दरवर्षी मीच आणतो, तसं यंदाही आणलं. पण आरतीला उभं राहवेना. वाड्यावर माझा सत्कार केला, शाल-नारळ दिला. एका पोराने विचारलं, ‘किती मारले?’ तिथेही सगळे हसले. चुलत बहिणीचं तीन वर्षांचं मूल माझ्याकडे धावत येतं, मी त्याला उचलत नाही. आई म्हणते नजर लागली, देवीला कौल लावूया. मित्र म्हणतात, त्यांनी पूंछमध्ये मुलं मारली तेव्हा त्यांना काही वाटलं का? दसऱ्याला तोफेची पूजा करताना हात थरथरत होता. झोप नाही. डॉक्टरकडे गेलो तर कॅटेगरी लागेल, म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली जाईल, मग चार वर्षांनंतर कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत नाव येणार नाही. कधी कधी वाटतं, मी परत आलोच नसतो तर बरं झालं असतं. निदान शहीद तरी म्हणाले असते.

मी नाही म्हणायला हवं होतं का? मी पापी आहे का? आणि 26 जानेवारीला शाळेत भाषणाला बोलावलंय, तिथे काय बोलू?

— एक गनर

*

बाबा,

पत्रातली तुझी ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय. तूही यापुढे असं काही लिहिताना जागा, तारखा, तोफेचं नाव घालू नकोस. तुझ्या मनाबद्दल बोलायला त्यांची गरज लागत नाही, आणि त्यांच्यामुळे तू नाहक अडचणीत येशील.

आता ‘परत आलोच नसतो तर’ या वाक्याबद्दल. ते तू जाता जाता लिहिलंस, मी तिथे थांबले. तुझ्या हाताशी रायफल असते, झोप नसते आणि घर लांब असतं. तेव्हा हा विचार परत आला की एकट्याने त्याच्याशी झगडत बसायचं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बडीला उठवायचं आणि सांगायचं, ‘मला आज बरं वाटत नाही, माझ्याजवळ बस.’ एवढं पुरतं, कारण सांगायची गरज नाही. त्या रात्री पहाऱ्याची ड्युटी असेल तर बदलून माग. 14416 हा टेली मानसचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि तो लावायला युनिटमध्ये कुणाची परवानगी लागत नाही. सैन्यातल्या लोकांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 ला सुरू झाला. पुढचं पत्र वाचण्याआधी हा नंबर फोनमध्ये घालून ठेव. घातलास? मग पुढे वाच.

तुझ्या मित्रांना, आईला आणि बहुतेक तुलाही वाटतंय की तू घाबरलास. पत्र दोनदा वाचलं, मला त्यात घाबरल्याचं एकही वाक्य सापडलं नाही. त्या रात्री पलीकडूनही गोळे येत असणार, त्यांच्याबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस ते लहान पायांबद्दल. युद्धानंतर भीती अंगात राहते, आवाज झाला की माणूस दचकतो, तो एक त्रास. तुझा दुसरा. आपण योग्य काय आणि अयोग्य काय मानत आलो, त्याच्या विरुद्ध आपल्या हातून काही घडलं, किंवा समोर घडलं आणि आपण थांबवलं नाही, या जाणिवेतून होणारा. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी या दुखण्याला वेगळं नाव दिलं, आणि ब्रेट लिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली त्याची नीट मांडणी केली. नैतिक जखम म्हणतात तिला. भीतीवरचं औषध हिला पुरं पडत नाही, कारण भित्र्याला ‘आता धोका टळला’ हे पटवून देता येतं. तुला काय पटवून द्यायचं? तुला धोका नव्हताच वाटत, तुला स्वतःची लाज वाटते आहे.

आणि जिवंत माणसाला ती वाटावी. पाय पाहिले आणि काहीच झालं नाही, असं तू लिहिलं असतंस तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती.

पण लाजेचा एक वाईट गुण असतो. ती जिथली तिथे राहत नाही. मे महिन्यातल्या एका रात्रीपासून निघालेली ती आज आरतीपर्यंत, तोफेच्या पूजेपर्यंत आणि चुलत बहिणीच्या मुलापर्यंत पोचली आहे. ‘माझ्या हातून काहीतरी वाईट झालं असेल’ इथून ‘माझे हातच वाईट’ इथवर ती तुला घेऊन आली. म्हणून मी तुला ‘विसर’ म्हणणार नाही आणि ‘तू फक्त कर्तव्य केलंस’ असंही म्हणणार नाही. कर्तव्याचं वाक्य खोटं नाही, पण ते तुला सगळ्यांनी ऐकवून झालंय आणि तुला झोप लागलेली नाही. मी तुला हिशेब करायला सांगणार आहे. जे घडलं त्यात तुझा वाटा किती? शून्य म्हणणारे तुझे मित्र, सगळा म्हणणारा तू. दोघेही चुकताय.

मित्रांचं आधी आटपते. 7 मे 2025 ला पूंछवर पडलेल्या गोळ्यांत आपली माणसं गेली, त्यांत शाळेत जाणारी मुलं होती. हे खरं आहे आणि ते विसरायचं काही कारण नाही. पण तू विचारलंस स्वतःबद्दल, आणि त्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याबद्दल. त्यांच्या गनरला काही वाटलं का, हे त्याने त्याच्या आईला सांगावं.

आता तोफेकडे. आमचे भाऊजी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यांच्याकडून मी हे नीट समजून घेतलं. 155 मिलिमीटरची तोफ वीस-पंचवीस किलोमीटर मारा करते. म्हणजे वाळपईत उभं राहून डिचोलीत काय चाललंय ते बघायचं. कसं दिसणार? लक्ष्य पाहणारा ऑब्झर्व्हर वेगळा, ते मंजूर करणारा वरचा, हिशेब करून आकडे देणारी कमांड पोस्ट वेगळी, आकडे बरोबर लागले का ते बघणारा तुमचा नंबर वन वेगळा. शिवाय दारूगोळा, वारा, हवेचं तापमान. या साखळीत तुझं काम होतं मिळालेला आकडा अचूक लावणं. तुला नकाशा दाखवला नव्हता, घर दाखवलं नव्हतं, पायही नंतर दिसले आणि तेही कुणाच्या तरी मोबाईलवर. त्यावर आणखी एक: त्या रात्री त्या पट्ट्यात किती तोफा चालू होत्या, याचा विचार कर. तो गोळा तुमचाच, हे तू गृहीत धरलंस ते पुराव्यावरून नव्हे. बराकीतला एकजण गमतीत बोलला, त्यावरून.

तू विचारतोस, नाही म्हणायला हवं होतं का. 1950 च्या लष्करी कायद्यात अधिकाऱ्याचा हुकूम मोडण्याबद्दल शिक्षा आहे, पण तो हुकूम कायदेशीर असला तर. समोर घर आहे, त्यात मुलं आहेत, हे ठाऊक असून ‘मार’ म्हटलं तर तो हुकूम मानायला तू बांधलेला नाहीस. तुला तसं काही ठाऊक होतं का? तुला दिशा आणि उंचीचे आकडे ठाऊक होते. न दिसणाऱ्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही.

ज्याला म्हणता येतं असा माणूस आपल्याच भूमीवर होऊन गेला. आपण 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, झेंडे लावतो तेव्हा त्याचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, पण तुझ्या प्रश्नाला तो उपयोगी आहे. 1961 साली गोव्यातला शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्वा. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता, शरणागती नाही, जिंकलेले सैनिक हवेत किंवा मेलेले. हाताखाली तीन हजारांवर माणसं, समोर त्यांच्या कितीतरी पट भारतीय सेना, आणि मध्ये आमची गावं, आमचे पूल, आमची माणसं. त्याने तो हुकूम मोडला आणि शरण आला. मायदेशी परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं, 1974 च्या क्रांतीनंतर कुठे त्याची पत परत मिळाली. तो काही आमचा उपकारकर्ता नव्हे, साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा शेवटचा कारभारी होता. पण त्याच्या हातात नकाशा होता, वायरलेस होता, निर्णय होता. जो जितकं बघू शकतो आणि जितकं ठरवू शकतो, तितका त्याचा वाटा. जनरलच्या वाट्याचं ओझं 22 वर्षांच्या लेयरने उचलायचं, हा कुठला न्याय?

तेव्हा गोळ्यात तुझा वाटा आहे, छोटा आहे, आणि नेमका किती हे तुला कधीही कळणार नाही. हे न कळणंच सगळ्यात जड जातं, ते मला कळतं. माणसाला खात्रीची शिक्षा परवडते, म्हणून तू स्वतःला खात्रीने दोषी ठरवून मोकळा झालास. ते करू नकोस. ‘कदाचित’ घेऊन जगायला शिकावं लागेल. ते एका सुट्टीत होणार नाही.

पण तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यात कदाचित नाही. तू हसलास.

माझ्या मते तुला जागं ठेवतंय ते हे. गोळ्याबद्दल तू तीन वाक्यं लिहिलीस, हसण्याबद्दल दोन शब्द. माणूस दुखरी जागा अशीच झाकतो. त्या रात्रींनंतर बराकीत विशीतली पोरं का हसली, हे मी समजू शकते. अंगातला ताण कुठेतरी बाहेर पडतो, एक हसला की बाकीच्यांना हसावं लागतं, न हसणारा वेगळा पडतो. हे कारण झालं. त्याने ते हसू बरोबर ठरत नाही, आणि तू मला ‘बरोबर होतं’ असं म्हणवून घ्यायला पत्र लिहिलेलंही नाहीस. तिथे ऑब्झर्व्हर नव्हता, हुकूम नव्हता, आकडे नव्हते. त्यात तुझा वाटा पूर्ण आहे.

आणि म्हणूनच तिथून सुरुवात करता येते. गोळा परत घेता येत नाही. हसू परत घेता येतं, निदान सांगता येतं. तो व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये असेल तर काढून टाक, आणि काढण्याआधी पुन्हा एकदा बघू नकोस. मग त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी ज्याच्यावर तुझा सगळ्यात जास्त भरवसा आहे त्याला सांग, ‘यार, उस दिन मैं हँसा था, वो ठीक नहीं था.’ भाषण देऊ नकोस, त्याला दोष लावू नकोस, फक्त स्वतःचं सांग. तो उडवून लावेल किंवा गप्प होईल. माझा अंदाज विचारशील तर गप्प होईल, कारण त्या खोलीत न झोपणारा तू एकटा असशील यावर माझा विश्वास नाही. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर हसायचं नाही. अडवायला जायची गरज नाही. एक जण हसला नाही, हे खोलीला लगेच कळतं.

तुझ्याच तालुक्यातलं एक तुला सांगते, तू कदाचित लहानपणी पाहिलंही असशील. झर्मे गावात शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, चोरोत्सव होतो. काही माणसांना मातीत पुरतात, कुणाचं धड जमिनीत आणि डोकं वर, कुणाचं डोकं जमिनीत आणि धड वर. बाहेरून येणारे लोक फोटो काढायला येतात, अंगावर काटा आला म्हणतात आणि जातात. पण त्यामागची आख्यायिका काय सांगतात? कधीकाळी गावाने काही माणसांना चोर समजून मारलं. मग कळलं, ती निरपराध होती. त्याची आठवण म्हणून, त्याचं प्रायश्चित्त म्हणून हा उत्सव. पुता, जरा विचार कर. ज्याच्यावर वीरकथा रचता येत नाही अशी गोष्ट त्या गावाने पुरून टाकली नाही, तिचा उत्सव केला. दरवर्षी, सगळ्यांसमोर, मांडावर. कुणी ‘आम्ही नव्हतोच तिथे’ म्हणत नाही, आणि कुणी ‘आम्ही खुनी आहोत’ म्हणून वर्षभर काळं तोंड करूनही बसत नाही.  शिगम्यातला तो एक दिवस त्या मेलेल्यांचा. आणि मुख्य म्हणजे तो भार गाव उचलतं, कुणा एकाच्या डोक्यावर देत नाही.

तुझ्या बाबतीत उलट झालं. गावाने शाल-नारळ तुझ्या हातात दिला आणि उरलेलं सगळं तुझ्या एकट्यावर सोडून दिलं. तो सत्कार करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तुला त्या दिवशी माइकपेक्षा कुणीतरी शेजारी बसून ‘जेवलास का, झोप लागते का’ विचारणारं हवं होतं.

असा माणूस शोध. तुमच्या किंवा शेजारच्या गावात एखादा जुना फौजी असेलच. श्रीलंकेत गेलेला, कारगिलच्या वेळचा. सत्कारात पुढच्या खुर्चीवर बसून मिशीला पीळ देणारा नको. चवथीला घरीच बसणारा, विचारलं तर ‘होतो तिथे’ एवढंच म्हणणारा बघ. त्याच्याकडे जा, त्याच्या भाटात बसून काजूच्या बिया सोलू लाग किंवा काय काम चाललं असेल ते कर, आणि व्हिडिओचं सांग. दारू पिऊन जायचं नाही आणि तिथे प्यायचीही नाही. आपल्याकडे ती स्वस्त आहे आणि फौजीला प्रत्येक जण प्रेमाने पाजतो. त्याने झोप येते असं वाटतं, पण ती झोप पहाटे तीनला मोडते आणि त्या वेळेला माणूस सगळ्यात एकटा असतो.

कॅटेगरीची तुझी भीती खोटी नाही, म्हणून ती उडवून लावत नाही. सैन्याच्या पाच अक्षरी तपासणीत पहिलंच अक्षर मनाचं आहे, आणि एस-वन, म्हणजे त्यातली सगळ्यात वरची श्रेणी, खाली गेली की लोक बोलतात. पण नीट बघ. तात्पुरती श्रेणी पुन्हा तपासून वर नेता येते. रात्रभर जागा राहून चुकीचा आकडा लावलास, किंवा रायफलसोबत काही वेडंवाकडं केलंस, तर त्यातून परत येता येत नाही. आणि दुसरा हिशेब. तुझी चार वर्षं संपत आली की पंचवीस टक्के राहतील, बाकीचे सेवा निधीची रक्कम घेऊन घरी येतील. घरी येणाऱ्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्या लोकांचा दवाखाना नाही. म्हणजे आज ज्या डॉक्टरकडे जायला तू भितोस, तो डॉक्टर तुला फक्त आजच मिळणार आहे. अशी जखम नोकरी संपल्यावरही उघडी राहते, कधी कधी तेव्हाच उघडते. ज्यांनी ही योजना आखली त्यांनी याचा काय विचार केला, हा प्रश्न मला विचारायचा आहे, पण तो तुझ्या पत्राच्या उत्तरात बसत नाही. तू आधी आरएमओकडे, म्हणजे युनिटच्या डॉक्टरकडे जा. सुरुवात झोपेपासून कर, ‘इतके दिवस झोप नाही’ म्हण. ते खरंच आहे, आणि उरलेलं त्या खोलीत बसल्यावर बोलता येतं. आरएमओकडे पाय वळतच नसतील तर युनिटचे पंडितजी आहेत, त्यांच्याशी बोलायला रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागत नाही. सुट्टीत आलास तर बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. वाळपईहून सकाळची बस धरलीस तर दुपारी परत.

आईचं काय करायचं? कौल लावू दे. देवीसमोर गाऱ्हाणं घालताना तू तिच्याबरोबर उभा राहा. आईला काहीतरी करायला हवं आहे आणि तिच्या हातात तेवढंच आहे. फक्त पाकळी उजवीकडून पडली म्हणून डॉक्टर रद्द करायचा नाही, एवढं मनाशी ठरवून जा. आणि व्हिडिओतलं सगळं तिला सांगू नकोस. ‘मला तिकडचं काही आठवतं आणि झोप लागत नाही, त्यावर मी इलाज करतोय’, इतकं तिला पुरेल. नजर लागली नाही हे तिलाही आत कुठेतरी ठाऊक असतं.

बहिणीच्या मुलाला उचल. येत्या सुट्टीत, पहिल्याच दिवशी. मनाला पटेल तेव्हा उचलीन म्हणशील तर ते मूल शाळेत जायला लागेल. आधी उचल, पटायचं तेव्हा पटेल. त्याला तुझे हात कसे आहेत ते बरोबर ठाऊक आहे, म्हणून ते धावत येतं.

पापी आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, मला तो अधिकार नाही. पण भाऊजींनी एक गोष्ट सांगितली ती तुझ्या कामाची आहे, तूही ती जाणतोस. एक मिलची, म्हणजे कोन मोजायच्या एका छोट्या मापाची, चूक झाली तर गोळा दर किलोमीटरला साधारण एक मीटर सरकतो. वीस किलोमीटरवर वीस मीटर. पाच मिल चुकले तर शंभर मीटर, म्हणजे ठाणं सुटलं आणि वाडा सापडला. भाऊजी म्हणाले, ‘आमच्यात सगळ्यात चांगला लेयर तो, ज्याला पलीकडे माणसं राहतात हे आठवतं.’ आकडा मोठ्याने परत म्हणायचा असतो तो आळसाने न म्हणणं, शंका आली तर ‘फिर से बोलो’ म्हणायला न लाजणं, नव्या पोराला हे असंच शिकवणं. तुझं प्रायश्चित्त शोधायला काशीला जायला नको, ते तुझ्या ड्रिलमध्येच आहे. दसऱ्याला थरथरला तो हात लेयरच्या कामाला नालायक आहे असं मी मानत नाही. फक्त तो झोपलेल्या माणसाचा हात हवा.

राहिलं 26 जानेवारीचं भाषण. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण बाबांना तू स्वतः सांग, आईकरवी निरोप पाठवू नकोस. गावाने बोलावलंय याचा त्यांना अभिमान आहे, तेव्हा कारण ऐकायचा त्यांना हक्क आहे. जायचं ठरवलंस तर मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेव, मी दहा मिनिटं बोलेन आणि प्रश्न घेणार नाही. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात पहाटे पळताना काय हाल झाले ते सांग, बर्फात चहा कसा गोठतो ते सांग, वेगवेगळ्या राज्यांतली पोरं एका ताटात कशी जेवतात ते सांग. मुलांना ते आवडतं आणि त्यात एक शब्दही खोटा नाही. तरी कुणीतरी ‘किती मारले’ विचारणारच. त्या पोरावर चिडू नकोस, त्याने ते टीव्हीवरून उचललंय. ‘त्याबद्दल बोलायची आम्हाला परवानगी नसते’ एवढं म्हण. ते नियमाने खरं आहे. आणि मग वाटलंच, जीभ उचललीच, तर पुढचं एक वाक्य: ‘आणि तो प्रश्न फौजीला विचारायचा नसतो.’ मागे बसलेली मोठी माणसंही ते ऐकतील.